कुलूपबंद संगणक आणि कार्यालयाची किल्ली

सरकारी कार्यालयात रोख रकमेची पेटी असली की तिला दोन किल्ल्या असतात. एक किल्ली जबाबदार कर्मचाऱ्याच्या हाती असते, तर दुसरी लाखेची मोहोर लावून अन्य सुरक्षित ठिकाणी ठेवण्यात येते. या दुसऱ्या किल्लीची नोंद स्वतंत्र नोंदवहीत असावी, वर्षातून एकदा एप्रिल महिन्यात ती मागवून पडताळून पाहावी आणि नव्या मोहोरेखाली पुन्हा जागच्या जागी ठेवावी, असा दंडक सार्वजनिक बांधकामासारख्या खात्यांच्या जुन्या लेखा नियमांत घालून देण्यात आला होता. हा नियम वरवर पाहता किचकट वाटतो. परंतु त्यामागील विचार सरळ आहे. किल्ली हरवते, कर्मचारी रजेवर जातो, त्याची बदली होते. तरीही पेटी उघडण्याचे काम अडून राहता कामा नये. किल्ली व्यक्तीच्या हाती असली तरी ती मालकीने कार्यालयाची असते.

आज कार्यालयाचे खरे धन रोख पेटीत कमी आणि संगणकात अधिक साठलेले असते. ग्रामपंचायतीची करआकारणी, शाळेतील विद्यार्थ्यांच्या नोंदी, गुणपत्रके, पत्रव्यवहार, देयके हे सारे संगणकावर तयार होते व पुष्कळदा तेथेच राहते. या संगणकालाही कुलूप असते, आणि अलीकडच्या काळात ते पूर्वीपेक्षा कितीतरी भक्कम झाले आहे. मात्र त्याची दुसरी किल्ली कोठे आहे, हा प्रश्न विचारल्यास बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. हे कुलूप काय आहे, ते अचानक का लागते, लागल्यास काय करावे आणि तशी वेळ येऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

घडण्याजोगा एक प्रसंग

समजा, एका माध्यमिक शाळेचा संगणक सुरू होईनासा झाला. तो तालुक्याच्या गावी दुरुस्तीस पाठविण्यात आला. कारागिराने आतील लहान बॅटरी बदलली, धूळ साफ केली आणि संगणक परत दिला. मुख्याध्यापकांनी तो सुरू केला तेव्हा नेहमीचा पासवर्ड विचारणारा पडदा आलाच नाही. त्याऐवजी निळ्या पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की, पुढे जाण्यासाठी 'रिकव्हरी की' लिहावी. शाळेचा पासवर्ड तेथे चालेना. ४८ अंकांची कसली किल्ली, ती कोणी दिली, कधी दिली, कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या लिपिकाने दोन वर्षांपूर्वी हा संगणक प्रथम सुरू करून दिला होता त्यांची बदली झालेली. दहावीच्या विद्यार्थ्यांचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मात्र त्याच संगणकात अडकलेले.

हा प्रसंग उदाहरणादाखल घेतला आहे. पण त्यातील प्रत्येक गोष्ट कोणत्याही कार्यालयात घडू शकते. येथे संगणक बिघडलेला नाही, त्यावर कोणी हल्लाही केलेला नाही. त्याची सुरक्षाव्यवस्था आपले काम चोखपणे करीत आहे. दुरुस्तीच्या वेळी अंतर्गत मांडणी बदलली गेली, म्हणून तिला शंका आली, एवढेच.

कुलूप कोणते, हे प्रथम ओळखावे

संगणक उघडत नाही, असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात संगणकाला एकापेक्षा अधिक कुलुपे असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. म्हणून पडद्यावर नेमके काय लिहून आले आहे ते शांतपणे वाचणे, आणि शक्य तर भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र घेणे, ही पहिली पायरी होय.

पहिले कुलूप वापरकर्त्याच्या नावाचे. यात पासवर्ड किंवा पिन विचारला जातो. पासवर्ड पुनःपुन्हा चुकल्यास खाते काही काळ बंद होते. विंडोज ११ च्या २०२२ मधील २२एच२ या आवृत्तीपासून नव्याने बसविलेल्या संगणकात स्थानिक खात्यासाठी सर्वसाधारण मर्यादा अशी आहे की, १० वेळा चूक झाल्यास खाते १० मिनिटे बंद राहते. अशा वेळी घाबरून जाण्याचे कारण नाही. १० मिनिटे थांबावे, कीबोर्डवरील मोठ्या अक्षरांची कळ चालू राहिली आहे काय आणि भाषा मराठीवर गेली आहे काय हे पाहावे, व मग पुन्हा प्रयत्न करावा. पासवर्ड खरोखरच विसरला असेल तर खाते कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे लागते. मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन खाते असल्यास दुसऱ्या संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून नवा पासवर्ड घेता येतो. मात्र त्यासाठी खात्यास जोडलेला दूरध्वनी क्रमांक किंवा ईमेल आपल्या हाती असावा लागतो. खाते त्या संगणकापुरते स्थानिक असल्यास, ते उघडताना दिलेल्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरे देऊन नवा पासवर्ड ठरविता येतो. त्याच संगणकावर प्रशासकाचे दुसरे खाते असेल तर तेथूनही हे काम होते.

दुसरे कुलूप संगणकाच्या मदरबोर्डशी संबंधित असते. संगणक सुरू होताच, विंडोज येण्यापूर्वीच, पासवर्ड मागितला गेला तर तो बायोसचा पासवर्ड समजावा. हा विसरल्यास, विशेषतः लॅपटॉपच्या बाबतीत, खरेदीची पावती घेऊन उत्पादकाच्या अधिकृत सेवाकेंद्राकडे जाणे हाच सरळ मार्ग होय.

तिसरे कुलूप म्हणजे वर सांगितलेल्या प्रसंगातील निळा पडदा. हे सर्वांत भक्कम कुलूप आहे आणि त्याविषयीच सर्वाधिक अज्ञान आढळते. म्हणून त्याचा विचार अधिक विस्ताराने करणे आवश्यक आहे.

हे कुलूप का निर्माण झाले

पासवर्ड लावला की माहिती सुरक्षित झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. पासवर्ड हा दारावरील पहारेकऱ्यासारखा असतो. चोराने संगणकातील डिस्कच काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तर पहारेकरी मागे राहतो आणि आतील फायली सहज वाचता येतात.

अमेरिकेत मे २००६ मध्ये याचा प्रत्यय आला. माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या तेथील सरकारी खात्याच्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप व त्यास जोडावयाची डिस्क चोरीस गेली. तीत सुमारे २ कोटी ६५ लाख व्यक्तींची माहिती होती आणि ती सांकेतिक रूपात नव्हती. पुढील महिन्यात ते साहित्य परत मिळाले. तथापि एका घरफोडीमुळे कोट्यवधी लोकांची नावे, जन्मतारखा व क्रमांक उघड्यावर पडू शकतात, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली.

यावरील उपाय म्हणजे डिस्कवरील सर्व माहिती सांकेतिक रूपात ठेवणे. विंडोजमधील या व्यवस्थेस बिटलॉकर असे नाव आहे. २००७ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टाच्या काही आवृत्त्यांबरोबर ती प्रथम आली. ॲपलच्या संगणकांत फाइलव्हॉल्ट आणि लिनक्समध्ये लक्स या नावाने अशीच सोय आहे. नावे वेगळी असली तरी तत्त्व एकच आहे.

पूर्वी ही व्यवस्था मुद्दाम सुरू करावी लागत असे. आता परिस्थिती बदलली आहे. २०२४ च्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, नव्याने बसविलेल्या बहुतेक संगणकांवर मायक्रोसॉफ्टच्या किंवा संस्थेच्या खात्याने प्रवेश करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाल्यामुळे अनेक कार्यालयांना नव्या प्रणालीकडे वळणे भाग पडले आहे. त्यामुळे आपल्या संगणकाला असे कुलूप आहे याची जाणीव नसतानाही ते लागलेले असणे शक्य आहे.

कुलपाचे कार्य कसे चालते

सांकेतिक रूप म्हणजे माहितीची एका गुप्त किल्लीच्या साहाय्याने केलेली गणिती उलथापालथ. ती किल्ली असेल तर माहिती पूर्ववत वाचता येते. नसेल तर डिस्कवर केवळ अर्थहीन आकड्यांचा ढीग दिसतो.

ही गुप्त किल्ली दररोज हाताने लिहिणे कोणासही शक्य नाही. म्हणून ती सांभाळण्याचे काम संगणकातील टीपीएम नावाच्या एका छोट्या सुरक्षा-घटकाकडे सोपविलेले असते. काही संगणकांत ही स्वतंत्र चिप असते, तर काहींत ती प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असते. विंडोज ११ साठी या घटकाची दुसरी पिढी, म्हणजे टीपीएम २.०, आवश्यक मानली आहे.

टीपीएमला एका विश्वासू कोठावळ्याची उपमा देता येईल. संगणक सुरू होताना तो काही खुणा तपासतो. सुरुवातीची आज्ञावली तीच आहे काय? 'सिक्युअर बूट' ही सुरक्षा-मांडणी पूर्वीप्रमाणेच आहे काय? या खुणा जुळल्या की तो निमूटपणे किल्ली देतो आणि संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो. या सर्व व्यवहाराचा आपल्याला पत्ताही लागत नाही. मात्र एखादी खूण बदललेली आढळली की तो किल्ली देण्याचे नाकारतो. बदल मालकाने केला की चोराने, हे समजण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. म्हणून तो मालकी सिद्ध करण्यास सांगतो. रिकव्हरी की मागणारा निळा पडदा म्हणजे ही मागणी होय.

अशी शंका येण्याची कारणे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात: बायोसमधील सिक्युअर बूट बंद करणे किंवा मांडणी मूळ स्थितीस नेणे, बायोसची नवी आवृत्ती बसविणे, मदरबोर्ड बदलणे, टीपीएम पुसून टाकणे, किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकात बसविणे. क्वचित प्रसंगी प्रणालीच्या अद्ययावतीकरणातील दोषामुळेही असे घडते. जुलै २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणानंतर काही संगणकांवर हा पडदा विनाकारण दिसू लागला होता. पुढील महिन्यात मायक्रोसॉफ्टने तो दोष दूर केला.

अठ्ठेचाळीस अंकांची रचना

रिकव्हरी की ही ४८ अंकांची असून ती प्रत्येकी ६ अंकांच्या ८ गटांत लिहिलेली असते. शिक्षकवर्गास रुचेल असे एक वैशिष्ट्य तीत आहे. प्रत्येक गटातील सहा अंकी संख्येस ११ ने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ, १२३४५३ ही संख्या घ्या. एकाआड एक अंकांच्या बेरजा केल्यास १, ३ व ५ यांची बेरीज ९ येते आणि २, ४ व ३ यांचीही ९ येते. दोन्ही बेरजा समान असल्याने संख्या ११ ने विभाज्य ठरते. आता लिहिताना चुकून १२३५४३ असे लिहिले गेले तर एक बेरीज ८ आणि दुसरी १० होते व विभाज्यता नाहीशी होते. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर ही चूक या कसोटीतून निसटत नाही. किल्ली कागदावर उतरवून घेतल्यावर प्रत्येक गट ११ ने भागून पाहिल्यास नोंद बरोबर आहे की नाही हे तेथल्या तेथे समजते.

निळ्या पडद्यावर किल्लीच्या मागणीबरोबरच तिचा ओळखक्रमांकही दाखविलेला असतो. अंक आणि इंग्रजी अक्षरे यांच्या मिश्रणाने तो बनतो. एका खात्यात अनेक संगणकांच्या किल्ल्या साठलेल्या असू शकतात. त्यांतील आपली कोणती, हे या ओळखक्रमांकाची पहिली ८ चिन्हे जुळवून ओळखावयाचे असते. ओळखक्रमांक म्हणजे किल्ली नव्हे. ती कोणती किल्ली, हे सांगणारी ती केवळ चिठ्ठी आहे. पुष्कळ जण येथे गोंधळतात.

किल्ली कोठे शोधावी

किल्ली हरवली असे वाटत असले तरी बहुधा ती कोठेतरी असते. संगणक आपोआप कुलूपबंद होताना किल्लीची प्रत बाहेर ठेवल्यावाचून ही प्रक्रिया पूर्ण होत नाही. म्हणून शोध पुढील क्रमाने घ्यावा.

प्रथम, संगणक ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू करण्यात आला ते खाते तपासावे. दुसऱ्या संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून त्या खात्यात प्रवेश केल्यास उपकरणांच्या विभागात संगणकाच्या नावाखाली किल्ली आढळते. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अत्यावश्यक आहे. हे खाते आज संगणक वापरणाऱ्याचे असेलच असे नाही. ज्या व्यक्तीने प्रशासक या नात्याने प्रथम प्रवेश केला तिच्या खात्यात किल्ली जाते. ती व्यक्ती पूर्वीचा लिपिक, संगणक परिचालक किंवा संगणक बसवून देणाऱ्या दुकानाचा माणूसही असू शकते. अलीकडील आवृत्तीत निळ्या पडद्यावर त्या खात्याचा थोडासा निर्देशही मिळतो. वर दिलेल्या प्रसंगातील मुख्याध्यापकांनी बदलून गेलेल्या लिपिकाशी संपर्क साधणे, हाच म्हणून पहिला उपाय ठरतो.

दुसरे, संस्थेने दिलेल्या खात्याने संगणक जोडलेला असल्यास किल्ली संस्थेच्या मध्यवर्ती व्यवस्थेत असते व ती संगणक विभागाकडून मिळू शकते. तिसरे, किल्ली कागदावर छापून किंवा पेन ड्राइव्हवर फाइलच्या रूपाने ठेवली असण्याची शक्यता असते. खरेदीची नस्ती, हमीपत्राचे पाकीट, कपाटातील जुने पेन ड्राइव्ह या जागा अवश्य पाहाव्यात.

किल्लीवाचून सुटका होण्याची एक शक्यता

किल्ली सापडत नसली तरी एक उपाय करून पाहण्यासारखा आहे. ज्या बदलामुळे कोठावळ्याला शंका आली तो बदल मागे घ्यावा. दुरुस्तीत सिक्युअर बूट बंद झाले असेल तर ते पुन्हा सुरू करावे. टीपीएम बंद झाला असेल तर तो चालू करावा. संगणकास लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढून टाकावा. खुणा पूर्ववत जुळल्या तर पुष्कळदा संगणक किल्ली न मागता सुरू होतो. कोणते बदल केले हे दुरुस्ती करणाऱ्याकडून तपशीलवार विचारून घ्यावे, ते यासाठीच.

मात्र टीपीएम पुसला गेला असेल किंवा मदरबोर्डच बदलला असेल, तर हा मार्ग बंद होतो. काही संगणकांवर भाग बदलल्यानंतर सुरुवातीसच टीपीएम नव्याने सुरू करावयाचा काय, अशी विचारणा येते. किल्ली हाती नसताना अशा प्रश्नास होकार देऊ नये.

किल्ली मिळून संगणक उघडल्यानंतरही दर वेळी निळा पडदा येत असेल तर बिटलॉकरचे संरक्षण तात्पुरते स्थगित करून पुन्हा चालू करावे. त्यामुळे टीपीएम नव्या खुणांची नोंद घेतो आणि त्रास थांबतो. शोधाशोध करताना किल्ली बाहेरच्या व्यक्तीच्या हाती गेली असल्यास संरक्षण पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावे, म्हणजे नवी किल्ली तयार होते.

किल्ली मुळीच न सापडल्यास

सर्व मार्ग संपले तर काय? या प्रश्नाचे उत्तर कटू आहे आणि ते स्पष्टपणे सांगितलेले बरे. किल्लीवाचून ती माहिती परत मिळविण्याचा मार्ग नाही. मायक्रोसॉफ्टचे कर्मचारीही हरवलेली किल्ली नव्याने तयार करून देऊ शकत नाहीत. ज्या १२८ बिटांच्या संख्येवर ही किल्ली आधारलेली असते तिचे संभाव्य प्रकार ३४ या आकड्यापुढे सुमारे ३७ शून्ये इतके आहेत. एखाद्या यंत्राने दर सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहिल्या तरी सर्व प्रकार संपण्यास १ या अंकापुढे १९ शून्ये इतकी वर्षे लागतील. तेव्हा कुलूप फोडून देण्याची हमी देऊन पैसे मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. त्यांपैकी काही जण डिस्क पुसून संगणक 'चालू' करून देतात, आणि माहिती गेल्याचे मागाहून कळते. संगणक दुरुस्तीस देताना डिस्क पुसू नये, असे लेखी द्यावे.

या कुलपापुढे श्रीमंतीही चालत नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील एका संगणकतज्ज्ञाने आपल्या ७,००२ बिटकॉइनांच्या किल्ल्या एका सुरक्षित पेन ड्राइव्हमध्ये ठेवल्या होत्या. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. ते उपकरण केवळ १० प्रयत्न करू देते आणि त्यांपैकी ८ संपले होते. जानेवारी २०२१ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा त्या ठेवीचे मूल्य सुमारे २२ कोटी डॉलर होते. एवढी संपत्ती एका हरवलेल्या चिठोऱ्यावाचून अडली.

संगणक मात्र वाया जात नाही. विंडोज नव्याने बसवून तो वापरात आणता येतो. जाते ती माहिती, आणि तिची दुसरी प्रत अन्यत्र असेल तरच हानी टळते.

जुलै २०२४ चा धडा

शुक्रवार दिनांक १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील विंडोज संगणक बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ८५ लाख होती. विमानसेवा, बँका, रुग्णालये यांचे काम विस्कळीत झाले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली.

यावरील उपाय तसा सोपा होता. संगणक विशेष पद्धतीने सुरू करून ती एक फाइल काढून टाकावयाची होती. परंतु डिस्क कुलूपबंद असलेल्या संगणकांवर हे करण्यापूर्वी प्रत्येकाची ४८ अंकी किल्ली लिहावी लागली. ज्या संस्थांपाशी किल्ल्यांची सुव्यवस्थित नोंद होती त्यांचे काम लवकर उरकले. ज्यांची नोंद अपुरी होती, किंवा बंद पडलेल्या संगणकांतच साठविलेली होती, त्यांची अडचण दुप्पट झाली. किल्ली त्याच संगणकात ठेवणे म्हणजे पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावण्यासारखे आहे.

कार्यालयांनी काय करावे

या साऱ्यावरून कुलूपच नको, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. विद्यार्थ्यांचे, करदात्यांचे आणि लाभार्थ्यांचे तपशील आपल्यापाशी विश्वासाने दिलेले असतात व ते सांभाळणे हे आपले कर्तव्य आहे. कुलूप असावेच, त्याबरोबर किल्लीची व्यवस्थाही असावी. ती करण्यास खर्च येत नाही. अर्ध्या दिवसाचे काम पुरेसे आहे.

१. प्रत्येक संगणकावर डिस्क कुलूपबंद आहे काय हे आजच पाहून घ्यावे. विंडोजच्या मांडणीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' या नावाखाली ही माहिती मिळते.

२. कुलूप असल्यास किल्लीची प्रत कागदावर छापून घ्यावी. तिच्यावर ओळखक्रमांक आणि संगणकाचा जडवस्तू संग्रह नोंदवहीतील क्रमांक लिहावा. पाकीट मोहोरबंद करून कार्यालयप्रमुखाच्या ताब्यातील कपाटात ठेवावे. दुसरी प्रत शक्य तर अन्य इमारतीत असावी. भिंतीवर किंवा संगणकावर चिकटवून ठेवू नये.

३. नवा संगणक सुरू करताना कोणा कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्याचा वापर करू नये. कार्यालयाच्या नावाचे खाते असावे आणि त्यास जोडलेला दूरध्वनी क्रमांक कार्यालयाचा असावा.

४. कार्यभार देता-घेताना करावयाच्या यादीत संगणकांच्या किल्ल्या आणि खात्यांचे पासवर्ड यांचा स्वतंत्र उल्लेख असावा. कपाटाच्या किल्ल्या मोजून घेणारे आपण या किल्ल्यांची मात्र विचारपूस करीत नाही. नव्या अधिकाऱ्याने कार्यभार स्वीकारताच पासवर्ड बदलावेत.

५. संगणक दुरुस्तीस देण्यापूर्वी किंवा बायोस अद्ययावत करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे व काम झाल्यावर चालू करावे. शाळेच्या प्रसंगात एवढे केले असते तर प्रश्नच उद्भवला नसता. संगणक सुरूच होत नसल्यास निदान किल्ली हाती असल्याची खात्री करावी.

६. महत्त्वाच्या फायलींची प्रत नियमितपणे दुसऱ्या डिस्कवर घ्यावी व ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी.

७. वर्षातून एकदा, एप्रिल महिन्यात, पाकीट उघडून किल्ली व ओळखक्रमांक पडताळून पाहावेत. मधल्या काळात विंडोज नव्याने बसविले असेल तर जुनी किल्ली निरुपयोगी झालेली असते. पडताळणीची नोंद तारखेसह करावी आणि पाकिटास पुन्हा मोहोर लावावी.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनाही यात करण्यासारखे काही आहे. संगणकाची खरेदी किंवा दुरुस्ती मासिक सभेपुढे येते, तेव्हा दराबरोबरच 'याची किल्ली कोणाकडे आहे?' हा एक प्रश्न त्यांनी विचारावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही तो विचारता येईल. या प्रश्नासाठी संगणकशास्त्राच्या ज्ञानाची गरज नाही.

रोख पेटीसंबंधीचा तो जुना नियम ज्यांनी केला त्यांनी संगणक पाहिलेला नव्हता. परंतु माणसे येतात आणि जातात, दप्तर मात्र कार्यालयाचे असते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. गावातील एखाद्या मुलाचा दाखला किंवा एखाद्या वृद्धेच्या घराचा उतारा केवळ ४८ अंक कोणी लिहून ठेवले नाहीत म्हणून अडून राहू नये. येत्या एप्रिलची वाट न पाहता पहिले पाकीट आताच तयार करावे आणि एप्रिलमध्ये ते पडताळून पाहावे.